ठाण्यातलं टेबल कुणाचं?

आपला माणूस पोलीस ठाण्यात दोनच वाटांनी जातो. एक, कॉलर धरून नेला म्हणून. दोन, मार खाल्ला, घर जाळलं, लेकीबाळीवर कुणी हात टाकला म्हणून स्वतःच्या पायांनी. पहिल्या वाटेवर आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, कविता लिहिल्या. दुसऱ्या वाटेबद्दल आपण फारसं तोंड उघडलं नाही. डोकं फुटलेला माणूस ठाण्याच्या बाकड्यावर बसतो तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसतं? त्याचा जबाब त्याच्या शब्दांत लिहिला जातोय की नाही, हे कोण बघतं? आरोपी जामिनावर सुटून संध्याकाळी गल्लीत परत आला, हे त्याला आधी कोण सांगतं? या अंकात मला याच्यावरच बोलायचंय.

ठाण्याच्या आवारातच पीडितांसाठी एक टेबल असावं, तिथं आधार देणारा माणूस बसावा, ही कल्पना नवी नाही. आपल्या मुंबईतच ती १९८४ पासून चालू आहे. पण तिचं नाव काढलं की आपल्या पोरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पोलिसांच्या घरातलं टेबल म्हणजे सापळा, थुंका त्याच्यावर. दुसरा म्हणतो, साहेब चांगले आहेत, सेलला अर्ज टाकू, मिटेल. मला दोन्ही पटत नाही. पहिल्याला रात्री दोन वाजता फुटलेलं डोकं घेऊन कुठं जायचं ते ठाऊक नाही. दुसऱ्याला ‘मिटणं’ आणि न्याय यांतला फरक ठाऊक नाही.

पहिल्याचा राग खोटा नाही, हे आधी सांगतो. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, एक आदिवासी पोरगी जबाब द्यायला आली आणि ठाण्याच्या आवारातच पोलिसांनी तिच्यावर बलात्कार केला. खटला तिच्याच नावानं ओळखला जातो, मथुरा खटला. खालच्या कोर्टानं आरोपी सोडले, हायकोर्टानं शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडले. का, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत! ठाण्याचं दार आतून बंद आहे, समोर खाकी आहे, आणि न्यायमूर्तींना ओरखडे पाहिजेत. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळ्यांनी आपली दहा माणसं पडली. परभणीत २०२४ च्या डिसेंबरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग धरपकड झाली, आणि कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. तेव्हा खाकीवर भरोसा का ठेवायचा, हा सवाल वाजवीच आहे.

पण दोस्तहो, दुसरा सवालही तेवढाच वाजवी आहे. ठाण्यावर भरोसा नसला तरी फिर्याद कुठं लिहिली जाते? ठाण्यातच. तुमच्या चळवळीच्या ऑफिसात एफआयआर होत नाही. पंचनामा तुमच्या कवितेत होत नाही. रोज शेकडो बाया, म्हातारे, पोरं त्याच पायऱ्या चढतात. आपण ठाण्यावर बहिष्कार टाकला तर ती माणसं घरी बसत नाहीत, ती एकटी जातात. एवढाच फरक पडतो.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ उघडला. आदल्याच वर्षी नवऱ्याचा आणि सासरचा छळ हा ४९८-अ खाली गुन्हा ठरला होता. कायदा कागदावर आला, पण बाई ठाण्यात गेली की हवालदार म्हणणार, बाई, नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी जा. म्हणून आवारातच समाजकार्य शिकलेला, बिनवर्दीचा माणूस बसवला. पुढं हे कक्ष मुंबईत वाढले, राज्यातल्या जिल्ह्यांत गेले, राज्याबाहेरही गेले.

या टेबलाची खुबी काय, ते नीट समजून घ्या. तिथं बसणारी कार्यकर्ती पोलीस नाही. तिला वर्दी नाही. पण ती बसते पोलिसांच्या छपराखाली. बाई आली की ती आधी ऐकून घेते, नवऱ्यासमोर नाही, हवालदारासमोर नाही, एकटीचं. मग विचारते, तुला काय पाहिजे? घरात राहायचंय का बाहेर पडायचंय, पोरं कुणाकडे आहेत, दागिने-भांडीकुंडी कुठं आहेत, जखम आहे का, दवाखान्याचा कागद झाला का. नवऱ्याला चिठ्ठी जाते ती आयुक्तालयातून. वस्तीतल्या चार माणसांनी बोलावलं तर जो येत नाही, तो त्या चिठ्ठीला येतो. म्हणजे वजन पोलिसांचं आणि कान समाजकार्यकर्तीचा. बाईला निवारा पाहिजे तर तो शोधणं, वकील पाहिजे तर गाठून देणं, आणि गुन्हा नोंदवायचा असेल तर तिच्याबरोबर ठाणे अंमलदारापुढं उभं राहणं, हे तिचं काम. मी अशा टेबलासमोर बायांना घेऊन बसलोय. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मधे न तोडता ऐकून घेतलं म्हणून आधी गप्प झालेली आणि मग धाय मोकलून रडलेली बाई मी पाहिली आहे. याला सुधारणावादी मलमपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्याच्या आईवर ती वेळ आलेली नसते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो.

आमच्या वस्तीतली एक बाई. मनगट मोडलेलं. मी बरोबर होतो. ठाण्यात सांगितलं, आधी समुपदेशन घ्या, मग बघू. पहिली तारीख, नवरा आला नाही. दुसरी तारीख, दारू पिऊन आला. तिसऱ्या तारखेला दोघांना शेजारी बसवून ‘संसार दोघांनी करायचा असतो’ हे प्रवचन. मनगट जुळून आलं तरी एफआयआर नाही. हातात काय, तर एनसीची चिठ्ठी! हाड मोडलं तरी अदखलपात्र! इथं टेबल आधाराचं राहिलं नाही, दार लावून घ्यायची कडी झालं. पीडिताला सांभाळायच्या नावाखाली पीडितालाच थंड करायचं, महिन्याच्या आकड्यांत गुन्हा कमी दाखवायचा आणि वर ‘आम्ही एवढी घरं जोडली’ म्हणून पाठ थोपटून घ्यायची.

ठाण्याला यासाठी पळवाटाही मिळतात. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. चांगलं झालं. पण त्याच निकालात नवरा-बायकोच्या आणि घरच्या तंट्यांत आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा ठेवली. १ जुलै २०२४ पासून नवी नागरी सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी घातली. चौदा दिवसांत काय होतं ते झोपडपट्टीतल्या पोराला शिकवायला नको. चौदा दिवसांत साक्षीदार फिरतो, जखम भरते, दलाल उगवतो. त्याच कलमात आपल्या कामाचंही आहे. हद्द कुणाचीही असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात लिहून घ्यावी लागते. एफआयआरची नक्कल फुकट द्यावी लागते. ठाण्यानं नाकारलं तर पोलीस अधीक्षकाकडे लेखी पाठवता येतं, तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. हे पाठ करा.

म्हणून माझा मुद्दा एकच आहे, तो सरळ मांडतो. पीडिताचं टेबल ठाण्यात पाहिजे, पण ते ठाण्याचं असता कामा नये. टेबलावर बसणाऱ्याचा पगार, त्याची बदली आणि त्याची नोंदवही ज्याच्या हातात, त्याचंच ते टेबल. ही तिन्ही इन्स्पेक्टरच्या हातात गेली की समोरच्या माणसाला नाव काही द्या, तो ठाण्याचाच.

यावर कुणी म्हणेल, महिला पोलीस आहेत की. आहेत. देशातलं पहिलं महिला पोलीस ठाणं १९७३ साली केरळात कोझिकोडला निघालं. ब्राझीलमध्ये साओ पावलोला १९८५ साली तसंच निघालं. बाईसमोर बाई बसली तर बोलायला सोपं जातं, हे खरं. पण वर्दी बाईनं घातली तरी ती वर्दीच. वरून हुकूम आला की तीही एनसीच लिहिणार. आपल्याकडे २०१७ साली नागपुरात भरोसा सेल निघाला, पुढं इतर शहरांत गेला. समुपदेशक, डॉक्टरी मदत, कायद्याचा सल्ला एका छपराखाली. सोय म्हणून उत्तम, बाईची चार दारांची वणवण वाचते. पण सेल पोलिसांचा. फिर्याद ठाण्याविरुद्धच असेल तर तिथला समुपदेशक कुणाच्या बाजूनं बोलणार? नावातच भरोसा लिहिला म्हणून तो येत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पीडितांसाठी दोन्ही तऱ्हेच्या सेवा सरकारी पैशानं चालतात. काही पोलिसांकडे बसणाऱ्या, काही पोलिसांबाहेर, समाजातल्या संस्थांकडे. म्हणजे दोन्ही एकच नाहीत, हे तिथल्या सरकारलाही कळतं.

आता आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. बाईसाठी टेबल निघालं, वाकडंतिकडं का होईना, निघालं. जातीचा मार खाल्लेल्यासाठी ते कुठं आहे?

कायद्यात आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचं आख्खं प्रकरण आलं, कलम १५-अ. ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पीडिताला, त्याच्या घरच्यांना आणि साक्षीदाराला संरक्षण देणं राज्याचं कर्तव्य. जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला वेळेत कळवायचं आणि त्याचं ऐकून घ्यायचं. तपासाच्या आणि खटल्याच्या काळात प्रवासखर्च, पोटापाण्याचा खर्च. गरज पडली तर दुसरीकडे पुनर्वसन. आणि याच कलमाचं बारावं पोटकलम सांगतं की संस्था, समाजकार्यकर्ता किंवा वकील यांची मदत घेणं हा पीडिताचा हक्क आहे. मेहरबानी नाही, हक्क. ‘तू कोण रे, बाहेर थांब’ असं म्हणणाऱ्या हवालदारापुढं हे पोटकलम ठेवायचं. २०२१ साली हरिराम भांभी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही जामिनाची सूचना आणि पीडिताचं ऐकून घेणं बंधनकारक आहे. न कळवता दिलेला जामीन टिकला नाही.

हा कागदी हक्क किती महागाचा आहे, ते खैरलांजीनं दाखवलं. भंडारा जिल्हा, २००६. एका माणसाला मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि तिची लेक प्रियंका साक्षीला उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबरला मारहाणीतले आरोपी अटक होऊन त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी गावानं सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर अशी चार माणसं संपवली. भैयालाल तेवढा वाचला. आरोपी सुटले तेव्हा त्या घरावर एक तरी शिपाई उभा होता काय? साक्ष दिलेल्या बायांना आज रात्री गावात थांबू नका, असं सांगणारं कुणी होतं काय? २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अत्याचाराचा कायदा लागला नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली. २०१७ साली भैयालालही गेला. पीडिताला आधार म्हणजे चहाचा कप आणि पाठीवरचा हात, असं ज्याला वाटतं त्यानं या तारखा वाचाव्यात. साक्ष दिल्यावर जिवंत राहणं, याचं नाव आधार.

आणि ठाण्यानं कर्तव्य केलं नाही तर? त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकानं जाणूनबुजून हयगय केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद. वाचून बरं वाटतं. पण पुढं शेपूट आहे, आधी खात्याची प्रशासकीय चौकशी आणि तिची शिफारस. म्हणजे खात्यानं खात्याला तपासायचं. पोलिसांतच नागरी हक्क संरक्षणाची शाखाही आहे, पण तिथंही वर्दीच. त्यामुळं ठाण्याच्या दारात, फिर्याद लिहिली जाते त्या घडीला, आपल्या बाजूचा माणूस असण्याला पर्याय नाही.

आता जरा स्वतःच्या घरात वळू. हे काहींना झोंबेल, झोंबू दे. विशेष कक्षाच्या बाकड्यावर आपल्याही वस्तीतल्या बाया असतात आणि त्यांना मारणारे हात आपलेच असतात. मंडळाचा कार्यकर्ता, जयंतीचा खजिनदार, मोर्चात पुढं असणारा दोस्त. बाई ठाण्याकडे निघाली की आपणच तिला अडवतो. ‘पोलीस आपले दुश्मन, आपल्याच पोराला त्यांच्या हातात द्यायचं काय?’ मग मंडळाच्या ऑफिसात बैठक, चार पुरुष खुर्च्यांवर, बाई दारात उभी, आणि निकाल – या वेळेस माफ कर. पाटलाच्या ओट्यावरची पंचायत आपल्याला चालत नाही आणि मंडळाच्या ओट्यावरची चालते? पोलिसांवरचा आपला राग तिच्या तोंडावर बांधायचं फडकं झाला तर तो विद्रोह नाही, मर्दानगीची चैन आहे. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली आणि १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, त्यांचं नाव घेताना एवढं तरी ध्यानात ठेवा.

म्हणून मागण्या, साध्या भाषेत :

१. प्रत्येक ठाण्यात पीडितांसाठी टेबल. त्यावर बसणारा शिकलेला समाजकार्यकर्ता. त्याचा पगार आणि नेमणूक गृहखात्याच्या बाहेरून. नोंदवही त्याच्या कुलुपात.

२. गुन्हा दखलपात्र असेल तर आधी एफआयआर, मग समुपदेशन, तेही पीडिताला पाहिजे असेल तरच. टेबलावरचा कागद एफआयआरच्या जागी धरायचा नाही.

३. अत्याचाराच्या प्रत्येक फिर्यादीत त्या कार्यकर्त्याला जबाबाच्या वेळी बसायचा अधिकार. कलम १८-अ प्रमाणे एफआयआरआधी प्राथमिक चौकशी लागत नाही, हे ठाण्याच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत.

४. जामीन, सुटका, तारीख, सगळं पीडिताला आधी. नियमानुसार सात दिवसांत मिळायची मदत सात दिवसांत.

५. या टेबलांवर आपल्या वस्त्यांतली शिकलेली पोरं-पोरी. समाजकार्य शिकून आपली कितीतरी पोरं घरी बसलीत. जातीची शिवी काय असते हे त्यांना भाषांतर करून सांगावं लागणार नाही.

सरकार हे उद्या देणार नाही. तोवर आपण काय करायचं, तेही ठरवू. प्रत्येक वस्तीत चौघं, त्यात दोन पोरी. त्यांनी १७३, १५-अ आणि १८-अ तोंडपाठ करायचं. फोन आला की रात्र न बघता निघायचं. फिर्यादीबरोबर बसायचं, आपण बोलायचं नाही, त्याला बोलू द्यायचं. जबाब वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही नाही. नक्कल हातात आल्याशिवाय ठाणं सोडायचं नाही. दवाखान्याचा कागद, फोटो, वेळ, ठाणे अंमलदाराचं नाव वहीत. जवळचा विशेष कक्ष कुठं आहे, तिथं कोण बसतं, कोण ऐकतं, कोण नुसतं मिटवतं, हेही त्याच वहीत. जी कार्यकर्ती बाईच्या बाजूनं उभी राहते, तिच्या पाठीशी उभं राहा. जो दलाली करतो, त्याचं नाव चव्हाट्यावर आणा. आणि फिर्याद आपल्या मंडळाच्या माणसाविरुद्ध असली तरी पाय मागं घ्यायचा नाही.

खाकी एका रात्रीत बदलणार नाही. पण बाकड्यावर एकटा बसलेला माणूस आज रात्रीच एकटा राहणार नाही, एवढं आपल्या हातात आहे. पुढच्या अंकापर्यंत तुमच्या वस्तीची चार नावं ठरवा. वह्या घ्या. कामाला लागा.

जय भीम.